फोनवरून पैसे देताना ज्येष्ठांचा खरा खर्च किती?

१४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात, मानकापूरच्या क्रीडा संकुलात, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘भीम-आधार’ या सेवेचं उद्घाटन केलं. ग्राहकाजवळ ना कार्ड लागेल, ना फोन. दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा टेकवला की खात्यातून पैसे जातील, अशी ती योजना होती. ज्यांना स्मार्टफोन झेपत नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच ती आखली होती. आज गोकुळपेठच्या भाजीबाजारात किंवा इतवारीच्या किराणा दुकानात अंगठ्यानं पैसे देणारा ग्राहक शोधावा लागेल. प्रत्येक हातगाडीवर ‘स्कॅनर’ चिकटवलेला आहे आणि त्याच्यासमोर सत्तरीतल्या काकू पर्समधून दहाच्या नोटा मोजून देत आहेत.

अंगठ्याचं काय झालं, ते रेशन दुकानात उभं राहिलं की कळतं. वय वाढलं की बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्यांचं आयुष्य शेतात, बांधकामावर किंवा भांडी घासण्यात गेलं, त्यांच्या त्या लवकर झिजतात. यंत्र चार-चारदा बोट मागतं, मागची रांग कुरकुरते, आणि माणूस मान खाली घालून निघून जातो. असा अनुभव एकदा आला की पुढच्या नव्या सोयीकडे तो माणूस सावधपणेच पाहणार.

‘म्हाताऱ्या माणसांना कळत नाही’ हे कारण मला म्हणूनच पटत नाही. ज्यांनी चाळीस वर्षं पगारात घर चालवलं, मुलं शिकवली, भिशी सांभाळली, त्यांना पैशाचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला येतो. ते मागे राहतात, कारण त्यांच्या हिशेबात काही खर्च असे असतात की जे जाहिरातीत कधी सांगितले जात नाहीत. ते सगळे खर्च इथे मांडतो आहे. आकडे २०२५ सालातले आहेत. रिचार्ज आणि बँकेची शुल्कं बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चालू दर पाहून घ्या.

पैसे पाठवायला किती लागतात?

काही नाही. यूपीआयनं बँक खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात किंवा दुकानदाराला पैसे देताना ग्राहकाला शुल्क नाही. ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून तर दुकानदारालाही यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर कमिशन द्यावं लागत नाही. त्यामुळे ‘ऑनलाइन देता तर दोन टक्के जास्त पडतील जी’ असं कुणी म्हणालं, तर खात्यातून होणाऱ्या यूपीआयला असा काही आकार नसतो, हे ठामपणे सांगा.

मात्र ॲपवाले काही ठिकाणी आपला आकार लावतात. मोबाइलचं रिचार्ज काही ॲपमधून केलं की एक ते तीन रुपये जास्त कापले जातात. क्रेडिट कार्डानं बिल भरलं तर त्याहून जास्त. तेच रिचार्ज कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर करून पाहा, दोन-तीन रुपये वाचतील. रक्कम लहान आहे, पण ‘फुकट आहे’ असं सांगितलेल्या माणसाच्या खात्यातून न विचारता दोन रुपये गेले की त्याचा उरलेला विश्वासही जातो. घरच्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

फोनचा खर्च

जुना साधा फोन वापरणाऱ्या माणसाला नवा खर्च पडतो तो इथे. कामापुरता स्मार्टफोन आठ ते दहा हजारांत येतो. तो चार वर्षं चालला असं धरलं तर महिन्याला सुमारे दोनशे रुपये. बहुतेक घरांत मुलाचा जुना फोन आईकडे येतो आणि हा खर्च वाचतो. पण तो फोन इतका जुना नसावा की त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येणंच बंद झालं असेल. असा फोन व्हिडिओ बघायला ठीक, पैशासाठी नको.

दुसरा खर्च इंटरनेटचा. दूरसंचार नियामकानं सांगितल्यावर २०२५ च्या सुरुवातीला कंपन्यांनी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅन आणले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना, एअरटेलचा तेवढ्याच दिवसांचा ४६९ रुपयांना. ज्येष्ठांसाठी ते सोयीचे आहेत, पण त्यात इंटरनेट नाही. जिओचाच ८४ दिवसांचा रोज दीड जीबीचा प्लॅन ७९९ रुपयांचा. फरक ३५१ रुपयांचा, म्हणजे महिन्याला सुमारे सव्वाशे. आजवर फक्त बोलण्यासाठी फोन ठेवणाऱ्या आजोबांना ‘फुकट’ यूपीआय असं महिन्याला सव्वाशे रुपयांना पडतं. घरी वायफाय असेल तर बिलं घरून भरता येतील, पण बाजारात ते कामाचं नाही.

या प्लॅनबद्दल आणखी एक गोष्ट. रिचार्ज संपवून नंबर बंद पडू देऊ नका. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, आणि तुमचं बँक खातं त्या नंबराला जोडलेलं असतं. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांनी निघण्यापूर्वी तेवढ्या मुदतीचं रिचार्ज करूनच निघावं. ॲपची नोंदणी करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप बाहेर जातो. प्लॅनमध्ये एसएमएस नसतील तर नोंदणी तिथेच अडते, आणि घरचे समजतात की आजोबांनीच काहीतरी चुकीचं दाबलं.

पिन ठरवायला डेबिट कार्ड लागतं, या समजुतीनं अनेकजण कार्ड घेतात. स्टेट बँकेच्या साध्या डेबिट कार्डाला एप्रिल २०२४ पासून वर्षाला २०० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे २३६ रुपये पडतात. आधारवर येणाऱ्या ओटीपीनंही यूपीआयचा पिन ठरवता येतो. आधार, बँक आणि फोन यांना एकच नंबर जोडलेला असला की झालं. कार्ड दुसऱ्या कशासाठी लागत नसेल तर हा खर्च टाळा.

रोखीलाही खर्च आहे

रोख फुकट वाटते, पण ती आणायला जावं लागतं. एटीएमच्या नियमांत नागपूर महानगरांच्या यादीत येत नाही. त्यामुळे इथल्या खातेदाराला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच आणि दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरही पाच व्यवहार मोफत मिळतात. मुंबईत दुसऱ्या बँकेचे तीनच. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी लागू शकतो. शिल्लक पाहणंही या पाचांत मोजलं जातं, हे अनेकांना माहीत नसतं.

पाय दुखतात, जिना चढवत नाही, अशांसाठी रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे की सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांना रोख आणून देणं, नेणं अशा मूलभूत सेवा घरी द्याव्यात. सार्वजनिक बँकांत अशा एका फेरीला साधारण ७५ रुपये आणि जीएसटी पडतो, म्हणजे ८८ रुपये ५० पैसे. महिन्यातून एकदा पेन्शनचे पैसे घरी मागवायचे तर हा खर्च अवाजवी नाही. बर्डीपर्यंत ऑटोनं जाऊन येण्यापेक्षा तो अनेकदा कमीच पडेल. पण शाखेत या सेवेची पाटी ठळक जागी क्वचितच लावलेली असते. विचारा, आणि ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा.

विजेच्या बिलाचा हिशेब वेगळा आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना ऑगस्ट २०२३ पासून महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोख भरता येते. उन्हाळ्यात कुलर आणि एसी चालणाऱ्या नागपुरातल्या घरांत मे महिन्याचं बिल ही रेघ सहज ओलांडतं, आणि बाबूजींना खिडकीवरून परत यावं लागतं. ऑनलाइन भरल्यास बिलावर पाव टक्का सूट आहे. २,४०० च्या बिलावर सहा रुपये. कागदी बिल नको म्हटलं तर आणखी दहा रुपये कमी होतात. महापालिकाही घरपट्टी लवकर आणि ऑनलाइन भरणाऱ्यांना सूट जाहीर करत आली आहे. त्या वर्षाचा टक्का आणि शेवटची तारीख पाहून घ्या, कारण तिथे वाचणारी रक्कम वीजबिलापेक्षा बरीच मोठी असते.

रोख आणि फोन यांच्या मधलाही एक मार्ग या शहरात आहे. नागपूर मेट्रोचं महाकार्ड रोख देऊन भरता येतं आणि त्यावर प्रवासभाड्यात १० टक्के सूट मिळते. कार्डात दोनशे रुपये असतील तर जास्तीत जास्त दोनशेच जातील. या गोष्टीमुळे ज्येष्ठ ते बिनघोर वापरतात. माझ्या मते फोनवरच्या पैशांबाबतही हाच धागा धरून पुढे जायला हवं.

भीतीची किंमत

नागपुरातल्या साठीपुढच्या माणसांनी बँकेत ठेवलेले पैसे संकटात आलेले पाहिले आहेत. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये सरकारी रोख्यांच्या खरेदीच्या व्यवहारात बुडाले. त्या खटल्यात शिक्षा सुनावली गेली २२ डिसेंबर २०२३ रोजी. मधली एकवीस वर्षं जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आणि ठेवीदारांनी काय भोगलं, ते त्यांच्या घरांत आजही बोललं जातं. त्यानंतर नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली आणि याच पिढीला रांगेत उभं राहावं लागलं. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेलं फोनपे एका रात्रीत बंद पडलं होतं. ते लवकरच सुरू झालं, पण ‘बटण दाबलं आणि पैसे दिसेनात’ हा अनुभव लक्षात राहिला. असं सगळं पाहिलेला माणूस नोट हातात धरून ठेवतो, यात मला काहीच चुकीचं वाटत नाही.

आता भर पडली आहे ती फोनवरच्या फसवणुकीची. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर बोला.’ ‘तुमच्या गाडीचं चलान फाटलं आहे, ही फाइल उघडा.’ लग्नपत्रिकेच्या नावानं येणारी फाइल. आणि सगळ्यांत क्रूर म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. पोलीस किंवा सीबीआयच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि सांगतो की तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर लोकांना सावध केलं होतं. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही.

इथे एक बाब बारकाईनं पाहायला हवी, कारण तिच्यामुळे अनेक कुटुंबांचा निर्णय चुकतो. ‘आम्ही ते ॲपच घेत नाही, म्हणून आम्ही सुरक्षित’ असं अनेक ज्येष्ठ मानतात. पण डिजिटल अरेस्टमध्ये मोठी रक्कम बहुतेक वेळा यूपीआयनं जात नाही. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाखाची आहे आणि नव्या फोनवर पहिले २४ तास ती ५,००० रुपयांचीच असते. घाबरलेला माणूस स्वतः शाखेत जातो, एफडी मोडतो आणि आरटीजीएसचा फॉर्म भरतो. चोर आत येतो तो फोनच्या कॉलमधून. तो कॉल साध्या फोनवरही येतो. त्यामुळे ॲप न घेतल्यानं हा धोका टळत नाही. तो टळतो अनोळखी कॉल कापल्यानं आणि कापल्यावर घरात कुणाशी तरी बोलल्यानं. मोठी रक्कम काढायला आलेल्या ज्येष्ठाला दोन प्रश्न विचारणारा रोखपाल हीसुद्धा एक सुरक्षाव्यवस्था आहे, आणि शाखा बंद करत सुटलेल्या बँकांनी ती लक्षात घ्यावी.

ॲपच्या बाबतीत तीन गोष्टी पुरतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर ज्याला पैसे द्यायचे त्याचं नाव येतं, ते मोठ्यानं वाचायचं. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तोच लावायचा. पूर्वी भामटे ‘पैसे पाठवतो’ सांगून उलट पैसे मागण्याची विनंती पाठवत आणि लोक पिन टाकून बसत. एका व्यक्तीनं दुसरीला अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. हा मोठा दिलासा आहे, पण फारच थोड्या ज्येष्ठांपर्यंत ही बातमी पोचली आहे.

माझा सल्ला : वेगळं, लहान खातं

ज्या खात्यात पेन्शन येते आणि ज्याला एफडी जोडलेली आहे, ते खातं फोनला जोडू नका. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडा आणि फक्त तेच यूपीआयला जोडा. महिन्याला त्यात दूध, भाजी, औषध आणि रिचार्जपुरते तीन-चार हजार टाका. काही बिघडलंच, तर नुकसान तेवढ्यावर थांबेल. ज्येष्ठांच्या मनातला खरा प्रश्न ‘बटण कुठलं’ हा नसतो, ‘चुकलो तर किती जाईल’ हा असतो. या खात्यानं त्याला ठरलेलं, लहान उत्तर मिळतं.

अशा खात्याचा खर्च शून्यावर ठेवता येतो. स्टेट बँकेनं बचत खात्यातल्या किमान शिल्लकेची अट २०२० मध्येच काढली. कॅनरा बँकेनं जून २०२५ पासून, तर पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँकेनं जुलै २०२५ मध्ये साध्या बचत खात्यांवरचा तो दंड बंद केला. खातं उघडताना डेबिट कार्ड आणि विमा ‘सोबत येतोच’ म्हणून माथी मारला जाणार नाही एवढं पाहा. एसएमएसचं शुल्क मात्र विचारून घ्या. तिमाहीला काही रुपये जात असले तरी एसएमएस बंद करू नका. पैसे गेल्याची पहिली खबर त्यानंच मिळते.

त्यावर ‘यूपीआय लाइट’ सुरू केलं तर आणखी सोपं. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. ज्यांना पिन आठवत नाही किंवा हात थरथरल्यामुळे आकडे नीट दाबले जात नाहीत, त्यांना हे बरं पडतं. पासबुकातही वीस वेळा दहा-दहा रुपयांच्या ओळी येत नाहीत, लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच ओळ येते. पासबुक भरून आणून ओळ न् ओळ तपासणाऱ्या पिढीला ही गोष्ट आवडते, असं मी पाहिलं आहे. फोन हरवला तर त्यातली शिल्लक मात्र धोक्यात येते, म्हणून फोनला कुलूप हवंच. ऑक्टोबर २०२५ पासून ५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिनऐवजी फोनवरचं बोट किंवा चेहरा चालवण्याची परवानगीही मिळाली आहे. आपल्या ॲपमध्ये ती सोय आली आहे का, ते पाहा.

स्मार्टफोन नकोच असेल, तर साध्या फोनवरून *९९# लावून पैसे देता येतात. इंटरनेट लागत नाही, एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि २०२२ पासून त्याला शुल्क नाही. मेन्यू मात्र किचकट आहे. आधी शाखेतल्या कुणासोबत बसून एकदा करून पाहा.

मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत आणि आईवडील प्रतापनगरच्या घरात दोघंच, अशी घरं नागपुरात कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं ‘यूपीआय सर्कल’ उपयोगाचं आहे. यात मुख्य खातेदार जास्तीत जास्त पाच जणांना आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देऊ शकतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक वेळी मुख्य खातेदाराच्या फोनवर विचारणा जाते आणि त्यानं पिन टाकल्यावरच पैसे जातात. शुल्क नाही.

पण हे लावताना आईवडिलांचा मान सांभाळा. ज्यांना स्वतःची पेन्शन आहे, त्यांना मुलाच्या खात्यातून भाजी घेणं आवडत नाही, आणि प्रत्येक पाव किलो वांग्यांसाठी मुलाची परवानगी मागणं तर मुळीच नाही. तिथे वरचं वेगळं खातंच बरं. मुख्य खातेदार त्यांनाच करा, आणि घरात औषधं आणून देणाऱ्या नातवाला त्यांच्या सर्कलमध्ये अर्धी मुभा द्या. निर्णय त्यांच्या हातात राहतो. ‘द्या आजी, मीच टाकतो पिन’ ही सवय मात्र कुठल्याच घरात नको. घरच्याच माणसानं हळूहळू खातं रिकामं केल्याची तक्रार आजी कुणाकडे करणार? अशा वेळी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

शिकवणं कुणी आणि कसं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. एकच ॲप ठेवा, भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा. भीम ॲप मराठीत चालतं आणि त्यात जाहिरातींची गर्दी कमी आहे, म्हणून सुरुवातीला मी तेच सुचवतो. पहिले काही दिवस मुलीला एक-एक रुपया पाठवू द्या. फोन त्यांच्या हातून ओढून घेऊ नका. दाबू द्या, थांबू द्या, परत दाबू द्या. काय दाबायचं ते त्यांना वहीत त्यांच्याच अक्षरात लिहू द्या, फक्त पिन त्या वहीत नको.

पैसे कटले, पण पोचले नाहीत

दुकानाचा साउंडबॉक्स बोलत नाही, दुकानदार ‘आले नाहीत’ म्हणतो आणि खात्यातून तर कटले. भर बाजारात ज्येष्ठांची सर्वांत जास्त घाबरगुंडी उडते ती इथे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, एका व्यक्तीनं दुसरीला पाठवलेले पैसे अडकले तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, आणि दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, तीही ग्राहकानं न मागता. ही भरपाई मिळाली नाही तर लेखी मागा. अडचण त्या घडीची असते, म्हणून खिशात दोन-तीनशे रुपये ठेवूनच बाजारात जा.

फसवणूक झाली तर लगेच १९३० लावा. नंतर सकाळी नाही, मुलगा ऑफिसातून आल्यावर नाही. पैसे चोराच्या खात्यातून पुढे जाण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मग बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर नुकसानाचा भार येत नाही. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात दाखवायला हवी. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी लपवून ठेवलेला प्रत्येक तास पैशात मोजावा लागतो. मुलं रागावतील या भीतीनं अनेक ज्येष्ठ दोन-दोन दिवस बोलत नाहीत. मुलांनी आजच आईवडिलांना सांगून ठेवावं, की असं काही झालं तर आम्ही रागावणार नाही.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

दुकान मांडून बसलेल्या आजी

या चर्चेत ज्येष्ठ म्हणजे फक्त ग्राहक असं आपण धरतो. कॉटन मार्केटमध्ये पहाटे माल घेऊन दिवसभर विकणाऱ्या कितीतरी बाया साठीपुढच्या आहेत. त्यांच्या ‘स्कॅनर’वरचं खातं बहुधा मुलाचं किंवा पुतण्याचं असतं. कमाई आजींची आणि पैसे पुतण्याच्या खात्यात, अशी व्यवस्था नको. क्यूआर कोड त्यांच्याच नावाच्या खात्याचा घ्या, तो मोफत मिळतो. बोलणाऱ्या साउंडबॉक्सला महिन्याला साधारण शंभर ते सव्वाशे रुपये भाडं पडतं. वाचता न येणाऱ्या विक्रेतीसाठी ते भाडं वसूल होतं, कारण खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे याच बायांना हेरतात. डबा बोलल्याशिवाय पिशवी द्यायची नाही.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि ती भीती इथेही पसरली. ताज्या भाजीपाल्यावर आणि फळांवर जीएसटी नाही. फक्त तेच विकणाऱ्या आजींनी त्या कारणानं स्कॅनर काढण्याची गरज नाही.

एवढं करा

रोखीनं व्यवहार करणं हा ज्येष्ठांचा हक्क आहे. ज्यांना ॲप नकोच आहे, त्यांनी घरपोच सेवा आणि महाकार्डावर निभावावं. त्यात कमीपणा नाही. ज्यांना हवं आहे, त्यांनी वेगळ्या लहान खात्यापासून सुरुवात करावी. नागपुरात जवळपास प्रत्येक वस्तीत ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. त्या मंडळांना माझी विनंती आहे की जवळच्या बँक शाखेच्या व्यवस्थापकाला पत्र लिहून मराठीतून एक सत्र मागा, आणि येणाऱ्यांनी आपला फोन, चष्मा आणि पासबुक सोबत आणावं. आर्थिक साक्षरतेचं हे काम बँकांवर रिझर्व्ह बँकेनंच सोपवलेलं आहे. पत्र साध्या कागदावर चालतं आणि मंडळाला त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही.